अठरा इंचांना अठरा फूट

जूनमधला सोमवार, सकाळचे सव्वासहा. वाटूर फाट्यावर मला निरोप द्यायला तिघं आले होते: आई, अण्णा आणि चाकाच्या खुर्चीत शेजारची गयामावशी. खिशात अण्णांनी दिलेले अकराशे रुपये. पुण्याला नोकरी लागली होती. एसटी आली, आईनं डोळ्याला पदर लावला आणि अण्णांनी पिशवीतून टेप काढून गाडीची पायरी मोजली.

"सतरा इंच! गया कशी चढंल?"

"अण्णा, मी चाल्लोय."

"मंग चढ की. तुला दोन पाय हायेत."

कंडक्टरसकट गाडी हसली. मला लाज वाटली.

अण्णांचा डावा पाय फौजेत सुरुंगानं नेला. गावी परतल्यापासून दर बुधवारी ते कुणा ना कुणा अपंगाला दाखल्यासाठी जालन्याला नेतात. पण ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्या त्यांना सलत होत्या. गयामावशीला चौघं खुर्चीसकट उचलून सभेत ठेवायचे. एकदा तिचा पदर चाकात अडकला आणि लोक हसले. "मला पोतं करू नका," ती म्हणाली. त्यानंतर बारा वर्षं ती सभेला गेली नाही.

पुण्यात माझं बस्तान बसलं. चौथा मजला, लिफ्ट, ईएमआय. सोसायटीचा रॅम्प बांधला तेव्हा मीच टेप घेऊन खाली उतरलो. सेक्रेटरी वैतागले. बायको म्हणाली, "आता तुम्हीपण?"

गेल्या वर्षी वाटूरच्या ग्रामपंचायतीला रॅम्प मंजूर झाला. गफूर मिस्त्रीनं तो सहा फुटांत संपवला. सरपंचांची मोटारसायकल झपकन वर गेली, सगळे खूश. अण्णांनी टेप लावला.

"उंची अठरा इंच. इंचाला एक फूट लागतो. बाकीचे बारा फूट कुठं गेले?"

"फौजी, रॅम्प पायजे का रेल्वे?" मिस्त्री हसला.

"अठरा फुटांवरून गया एकटी चढली तर?"

"एक किलो जिलेबी माझ्याकडून. बिलकुल!"

दुसऱ्या दिवसापासून अण्णा त्या रॅम्पच्या तोंडाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसू लागले. मोटारसायकल खालीच राहिली. दोन महिन्यांनी रॅम्प फोडला आणि भिंतीला लागून अठरा फुटांचा नवा झाला.

पहिल्या ग्रामसभेला मी रजा काढून आलो. मावशीनं चाकांवर हात ठेवले. अर्ध्यावर ती थांबली, तसा मी पुढं झालो.

"ढकलायचं न्हाई!" अण्णा ओरडले.

"दम खाऊन राह्यले रे," मावशी म्हणाली आणि उरलेले नऊ फूट चढून थेट सभेत गेली. बसलेल्यांनी वाट करून दिली. तिनं पहिला हात वर केला.

"शाळेच्या पायऱ्या तीस इंच हायेत. मंग रॅम्प किती फूट?"

"तीस!" मी मागून ओरडलो. आता लाज वाटली नाही. पुण्यातलं घर माझं आहेच, हप्ते मीच भरतो. पण इंचाला फूट हा माझा हिशोब जिथं न सांगता कळतो, ते गाव हे.

शर्तीची जिलेबी मिस्त्रीनं त्याच दुपारी आणली, एक किलो, बराबर. ती गयामावशीला मिळाली. अण्णांनी तिला आपला टेप दिला.