भाकरीच्या तव्यावर स्कॅलॉप

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सगळं कसं घडलं ते विचारायला नको.

भिंगारला माझी खानावळ होती. मी, माझी धाकटी जाऊ आणि आणखी पाच बायका. रोज पिठलं-भाकरी, रविवारी मटण. रस्ता रुंद व्हायचा होता आणि त्यात आमची जागा जाणार होती. महिन्याची मुदत मिळाली होती. सात घरांचं त्या जागेवर चालायचं, त्यामुळे माझी झोप उडाली होती. जवळच लग्नसमारंभाचा एक नवा हॉल झाला होता. त्याचं स्वयंपाकघर चालवायला कुणीतरी हवं आहे असं कानावर आलं, म्हणून जावेला घेऊन मी मालकाला भेटायला गेले. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "मावशी, इथं मोठमोठ्या पार्ट्या होणार. तुम्ही पडलात भाकरीवाल्या. तुम्ही आपलं पिठलं-भाकरी बघा. मी पुण्याहून केटरर आणतोय."

मावशी! माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल मेला.

मी उठणार तेवढ्यात हॉल ठरवायला आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती शिक्षिकाबाईंचा मुलगा आला. हा जहाजावर स्वयंपाकी. कॉलेजात असताना दोन वर्षं माझ्याकडे जेवलेला. जानेवारीत त्याचं लग्न होतं. तो मालकाला म्हणाला, "रिसेप्शनला मला स्कॅलॉप ठेवायचेत."

"ठेवू की! एकदम फर्स्टक्लास ठेवू," मालक म्हणाला. त्याला स्कॅलॉप खातात की अंगावर घालतात हे माहीत नव्हतं, तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला कसली लाज? मी सरळ विचारलं, "ते काय असतं रे?"

"समुद्रातला शिंपला असतो काकू, पंख्याच्या आकाराचा. त्याच्या आतला गोल मांसल गड्डा काढतात. नीट भाजला तर लोण्यासारखा लागतो." मग जरा थांबून म्हणाला, "सहा वर्षं जहाजावर परक्या लोकांना रोज भाजून घातले. माझ्या आईनं एकदाही चाखला नाही."

हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते."

मालक मोठ्यानं हसला. मग काय, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हसू नका. मला जमलं तर स्वयंपाकघर माझं. नाही जमलं तर पुण्याचा आणा, मी परत तोंड दाखवणार नाही." नवरदेव म्हणाला, "काकू करणार असतील तरच मी हॉल घेतो." गिऱ्हाईकच असं म्हणाल्यावर मालकाला मान डोलवावीच लागली.

बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "बाई, तुमी आदी बोलता आन मंग इचार करता."

खरं होतं ते.

नवरदेवानं पुण्याहून एक गोठवलेलं पाकीट सरावासाठी आणून दिलं आणि तो पत्रिका वाटायला गेला. आम्ही नगरच्या बायका. मांस म्हटलं की आधी हळद-मीठ, मग काळा मसाला आणि कुकर. तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर रश्शात खोडरबर पोहत होते. जावेनं एक दाताखाली धरून ओढला, तो तुटेना. नेमका तेव्हाच मालक दारात हजर! बघून म्हणाला, "चपलेला पट्टा लावायला बरे आहेत." मी त्याला पळीच दाखवली.

संध्याकाळी नवरदेव आला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, "काकू, मसाला नको, पाणी नको, कुकर तर नकोच. कोरडे करायचे, तवा चांगला तापवायचा, एका बाजूनं दीड मिनिट, दुसऱ्या बाजूनं त्याहून कमी. मध्ये हात लावायचा नाही." उरलेले त्यानं स्वतः भाजून दाखवायला घेतले. तव्यावर पडताच त्यांना पाणी सुटलं आणि ते त्या पाण्यात शिजत बसले. रंग येईना. तो म्हणाला, "यांना औषधाच्या पाण्यात भिजवून फुगवलंय. चांगला माल मुंबईला मिळेल, पण तो ओळखता यायला हवा. मी गेलो असतो, पण परवा माझी हळद आहे."

मी म्हटलं, "तू हळद लावून घे. मी जाते."

म्हटलं खरं, पण समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिलेला. त्याच रात्रीच्या एसटीनं पहाटे मुंबई गाठली आणि विचारत विचारत मासळीच्या ठोक बाजारात शिरले. पायाखाली बर्फाचा चिखल, हमालांची ढकलाढकली, वासानं डोकं भणभणलं. गोठवलेल्या मालाच्या एका व्यापाऱ्यानं स्कॅलॉपचं खोकं उघडलं. "बघा ताई, एक नंबर माल!" पांढरेशुभ्र, टपोरे, सगळे एका मापाचे. बाजूला दुसरं खोकं होतं. त्यातले मळकट, कुठे पिवळसर, कुठे गुलाबी झाक, लहानमोठे. "तो माल दिसायला बरा नाही, तुम्हाला नको," तो म्हणाला.

इथं मात्र तो चुकला. मी काष्टीची, गुऱ्हाळवाल्याची मुलगी. आमच्या वडिलांचा गूळ काळपट असायचा. बाजारात गिऱ्हाईक पावडर मारलेल्या पांढऱ्या-पिवळ्या ढेपेकडे धावायचं, आणि वडील चिडून म्हणायचे, "जास्त गोरा दिसला की समज, काहीतरी चोळलंय त्याला." लहानपणापासून हेच ऐकत आले मी. व्यापाऱ्याला म्हटलं, "दोन्ही खोक्यांतला एकेक द्या." दोन्ही मी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवले आणि तिथंच पाटीवर बसकण मारली.

"काय करताय?"

"वाट बघते. तुम्ही तुमचं चालू द्या."

अर्ध्या तासानं दोन्हींचा बर्फ उतरला. गोऱ्याखालचा कागद भिजून फाटला होता आणि दुधाळ पाणी वाहत होतं. मळकटाखाली रुपयाएवढा ओला डाग, बस्स. बोट लावलं तर तो बोटाला चिकटला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा द्या. आणि सगळा ह्यातलाच भरा, वर एक आणि खाली दुसरा असलं नको." व्यापारी हसायलाच लागला. "कुठल्या हॉटेलच्या तुम्ही?" म्हटलं, "काष्टीच्या गुऱ्हाळाची." बर्फ घातलेलं थर्माकोलचं खोकं मी नगरपर्यंत पायांत धरून आणलं. शेजारच्या आजोबांनी दोनदा विचारलं की आत लस आहे का.

रिसेप्शनच्या दिवशी मालकानं हॉलचे चकचकीत नॉनस्टिक तवे पुढे केले. मी ते बाजूला ठेवले आणि खानावळीतले आमचे सात लोखंडी तवे सात शेगड्यांवर चढवले. आदल्या दिवशी एका तव्यावर एक भाजून पाहिला होता, मला माझे तवे माहीत होते. दुपारपासून आम्ही स्कॅलॉप धुतलेल्या धोतराच्या फडक्यांवर टिपून कोरडे करत होतो. दोनशे माणूस, माणशी दोन. पाण्याचा थेंब तव्यावर नाचून उडाला की तवा तयार, हे आमच्यातल्या कुणाला शिकवायला नको होतं. आपली आपण सुटल्याशिवाय भाकरी उलटायची नाही, हेही नको.

पहिली ताटली नवऱ्यामुलाच्या आईसाठी. मी जावेला म्हटलं, "तू टाक, तुझा हात बरा." तिनं आठ स्कॅलॉप टाकले, छान चर्र आवाज झाला, आणि मी बघते तर काय, हिनं शेजारच्या वाटीत हात बुडवला आणि आठांवरून पाणी फिरवलं! भाकरी टाकली की वरून पाणी फिरवायचं, वीस वर्षांची सवय. फस्सकन वाफ आली, तवा थंड पडला, आठही तिथंच उकडले.

"अगं ए भवाने!" मी अशी ओरडले की बाहेर बँडवाला थांबला म्हणे. बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला. "हातच गेला हो बाई, म्या न्हाई केलं," ती रडवेली होऊन म्हणाली. मालक दाराशी हाताची घडी घालून उभा होता, मिशीत हसत.

त्याला बघितलं आणि माझी भीतीच गेली. शेगड्यांजवळच्या पाण्याच्या सगळ्या वाट्या उचलून मी खिडकीबाहेर ओतल्या. जावेचा तवा पुसला, पुन्हा तापवला आणि तिलाच म्हटलं, "टाक. आता वरून पाणी घालायचं म्हटलं तरी मिळायचं नाही." तिनं टाकले. सातही तव्यांवर टाकले गेले. सगळ्यांचे डोळे तव्यावर. मग ते आपले आपण सुटले. उलटले तर काय सांगू, खरपूस भाकरीच्या पापुद्र्याचा रंग! जावेनं "आगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवला. वर लोण्याचा गोळा, लिंबू आणि कडेला टिकलीएवढा हिरव्या मिरचीचा ठेचा.

शिक्षिकाबाईंची ताटली मी स्वतः घेऊन गेले. नवरदेव लग्नाच्या सुटात आईच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला होता. बाईंनी एक तोंडात घातला, डोळे मिटले, सावकाश चावला. मग त्या मुलाला म्हणाल्या, "हे तू लोकांना रोज देत होतास?" तो हो म्हणाला. "मग बरोबर आहे, तुला सुट्टी का देत नव्हते ते." आणि त्यांनी दुसरा उचलला. तो पोरगा हसता हसता रडायला लागला, आणि मीही. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

त्यानंतर ताटल्या जात राहिल्या आणि रिकाम्या येत राहिल्या. हॉलमधून कुणीतरी आत येऊन विचारून गेलं, हे कुठल्या हॉटेलचे लोक आहेत. जाऊ पदर खोचून ठसक्यात म्हणाली, "आमीच हाय."

सगळं आवरल्यावर आम्ही सात जणी आमच्यासाठी केलेलं पिठलं-भाकरी घेऊन बसलो होतो. मालक आत आला. चाचरत म्हणाला, "एखादा उरलाय का हो? मला मिळालाच नाही."

"संपले," मी म्हटलं. "बसा. पिठलं-भाकरी आहे."

उपड्या क्रेटवर बसून तो जेवला. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. हात धुऊन आला तेव्हा स्वयंपाकघराच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात होता. खाली बघत म्हणाला, "ताई, मी तुम्हाला भाकरीवाल्या म्हणालो होतो. राग धरू नका."

"राग कसला?" मी म्हटलं. "भाकरीवालीच आहे मी. ठेवा किल्ल्या इथं, तव्याशेजारी."