मामाची साडी, रेल्वेने

विमानात बसणाऱ्या माणसांची मला कीव येते.

पैसे मोजून स्वतःचं पार्सल करून घ्यायचं, वर पट्ट्याने बांधूनही घ्यायचं आणि खिडकीतून बघायचं काय, तर ढग! ते तर जुईनगरच्या आमच्या गच्चीवरूनही दिसतात. त्यामुळे कलकत्त्याला भाचीच्या लग्नासाठी माझ्या साडूने, बबनरावांनी, सगळ्यांची विमानाची तिकिटं काढायला घेतली तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "मी रेल्वेनं येणार. एकटा. तेही मेलनं नाही, हळू गाडीनं!"

बबनराव वाशीच्या मार्केटात कांद्याचे व्यापारी. त्या वर्षी कांद्याचा भाव चढला होता आणि तो थेट त्यांच्या डोक्यात गेला होता.

"पाव्हणं, घाबरताय व्हय?"

"घाबरतंय कोण? मला देश बघायचाय!"

(भीती वगैरे काही नव्हती. डोक्यावरून नुसतं विमान गेलं तरी पोटात गोळा यायचा, एवढंच.)

खरा प्रश्न साडीचा होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, मालकांचा कलकत्त्यात सोनं गाळायचा धंदा, म्हणून लग्न तिकडे. पण रीत आमची साताऱ्याचीच. लग्नाला उभं राहताना नवरीच्या अंगावर मामाने आणलेली पिवळी साडी हवी म्हणजे हवी. मनीषा माझी एकुलती एक भाची, माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली. तिची साडी मी विमानवाल्यांच्या हाती देणार? माणूस कलकत्त्याला आणि बॅग गुवाहाटीला पोचवणारी जमात ती!

"अहो, साडी माझ्याकडं राहू दे की," बायको म्हणाली. "दोन-अडीच तासांत पोचते मी."

"मंगल, वीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळतोय. माझ्या सहीशिवाय तिथून खिळा बाहेर जात नाही. साडीची जबाबदारी माझी!"

तिने मुकाट्याने ब्राऊन पेपरात बांधलेलं पुडकं माझ्या हातात ठेवलं. मी त्याला वरून सुतळी बांधली, लाख वितळवून सील मारलं, शेजारी सही ठोकली आणि पुडकं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

कल्याणला गाडीत बसलो आणि देश बघायला लागलो. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबायची. स्टेशन नसेल तिथे तर जास्तच थांबायची! मी आपला ट्रंकेवर बसून. ट्रंकेकडे कुणी नुसतं बघितलं तरी मी असे डोळे वटारायचो, की बिचारा जागा बदलायचा. भुसावळला चढलेल्या एका आजींना मात्र मी साडीची हकिगत सांगितली. आजींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"दाखव तरी बाबा."

"सील फोडता येणार नाही, आजी. नियम म्हणजे नियम."

मी ट्रंक उघडून नुसतं पुडकं दाखवलं. मग त्यांनी पिशवीतून करंडा काढून पुडक्यालाच हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. समोरच्या बाकावरच्या दोघांनीही जोडले. मग मीही जोडले!

झारसुगुड्याजवळ इंजिन बंद पडलं. पाच तास झाले, नऊ तास झाले, गाडी हलेना. डोक्यावरून एक विमान गेलं, त्याच्याकडे मी तुच्छतेने बघून घेतलं. पण मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारी बारा पस्तीसचा, आणि साडी माझ्या बुडाखाली! पोरगी साडीवाचून खोळंबली असेल, आक्का रडत असेल!

हावड्याला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. टॅक्सी करून, ट्रंक डोक्यावर घेऊन, तीन दिवसांची दाढी मिरवत हॉलच्या दारात पोचलो, तर शेवटचं मंगलाष्टक चाललेलं. माझ्याशिवाय? आणि नवरीच्या मागे, मामाच्या जागेवर, बबनराव!

"थांबा!" मी ओरडलो. "नवरीची साडी अजून आलेली नाही!"

भटजी थांबले. वरपक्षात कुजबुज सुरू झाली.

"साडी नाही म्हणजे?"

"अहो, खाली बसा!" मंगल दातओठ खात म्हणाली.

"तू गप्प बस! माझ्या भाचीचं लग्न आहे!" मी तिथेच ट्रंक उघडली, पुडकं घेऊन अंतरपाटापाशी धावलो, सील फोडलं आणि आतला माल न बघताच दोन्ही हातांनी उंच धरला.

हिरव्या चौकड्यांची लुंगी. माझीच, मागे ठिगळ असलेली!

मग माझं मनीषाकडे लक्ष गेलं. पिवळीधम्मक साडी नेसून ती अंतरपाटाआड हसू दाबत उभी होती.

"सांगितलं का नाहीस?" मी मंगलला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी साडी घेऊनच गेला असता!"

माल उघडून बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे हाताखालच्या माणसांना वीस वर्षं मीच शिकवत होतो.

"या पाव्हणं, तुमची जागा धरून ठेवलीया," म्हणत बबनराव बाजूला सरकले. (केवढे हे उपकार!) लुंगी खांद्यावर टाकून मी भाचीच्या मागे उभा राहिलो, आणि खरं सांगतो, अक्षता पडताना मला रडू आवरलं नाही.

अल्बममध्ये मुहूर्ताचा एकच फोटो धड आलाय. अलीकडे नवरी, पलीकडे नवरा, मध्ये अंतरपाट आणि अंतरपाटाच्या वर माझी लुंगी. मनीषा तो अजून येईल त्याला दाखवते.

"हा माझा मामा," ती सांगते. "देश बघत आला."