गाळ्यातलं घर

आमच्या गावात आईचे महिने वाटून घेतात. दोन मुलगे असले तर एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. तीन असले तर तिसरा महिना तिसऱ्याकडे. यात कुणाला काही वाईट दिसत नाही. पहिल्या तारखेला एखादी म्हातारी कापडी पिशवी घेऊन या दारातून निघते आणि त्या दारात जाते. वाटेत कुणी विचारतं, "आता कोनाचा महिना गो?" ती सांगते आणि पुढे जाते.

माझ्या सासूचेही महिने आम्ही असेच वाटले होते. एक माझा, एक थोरल्या जावेचा. घरं समोरासमोर, मध्ये अंगण. सासू मिठागरावरची, मिठाच्या राशी बघत वाढलेली. पण माझ्या घरी आली की पहिल्या दिवशी विचारायची, "मीठ कुठं ठेवलंस गो?" जावेकडे गेली की तिथेही तेच. मी डबा दाखवायचे आणि विसरून जायचे. मला त्यात कधी काही दिसलं नाही. जावेला दिसलं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

जावेला मी बाय म्हणते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. ती शाळेत गेलीच नाही, मी चौथीपर्यंत गेले. म्हणून मी लग्न होऊन आल्यापासून लाइटचं बिल असो की औषधाची बाटली, ती माझ्यापुढे धरते. वाचायचं मी, बोलायचं तिने, असं आपोआप ठरून गेलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. हळदीकुंकवाला नव्या बायका काही विचारायला लागल्या की बायच माझ्या वतीने सांगते, "ही माजी धाकटी जाव. बोलत नाय, पन आयकते समदं."

आमची शेतं नवीन शहर वसवायला गेली आणि बदल्यात प्लॉट मिळाले, हे इथल्या प्रत्येक घरातलं. आज गावाच्या चारी बाजूंनी कामोठ्याचे सेक्टर आहेत, क्लासेसच्या पाट्या आणि रिक्षांची रांग. थोरल्या दिरांनी मरायच्या आधी आपला प्लॉट बायच्या नावावर केला. मुलगे तीन, पुढे भांडतील म्हणून. बायचं जुनं घर पडायला आलं होतं, म्हणून त्या प्लॉटवर मुलांनी बिल्डिंग बांधली. खाली भाड्याने द्यायला तीन गाळे, वर तीन मजले, तिघांना एकेक. बांधकाम चालू असताना बाय रोज पाणी मारायला जायची. स्लॅब भरला तेव्हा तिने सगळ्या मजुरांना गूळ-खोबरं वाटलं.

वास्तुशांतीला भटजींनी विचारलं, "मातोश्रींची चूल कोणती? त्या चुलीवर दूध उतू घालू."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

थोरला म्हणाला, "समदी घरं तिचीच हायत ना."

मधला थोरल्याला म्हणाला, "मना वाटलं आई तुज्याकडं. तू पयल्या माळ्यावर, जिने कमी."

"मना वाटलं धाकट्याकडं. तिकडं दोगंच हायत."

धाकट्याची बायको पनवेल शहरातली, ऑफिसात जाणारी. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, प्लॅनमध्ये आईंची खोली कुणाच्या तरी मजल्यावर असेलच."

तीन मजले, त्यात मुलांच्या अभ्यासाच्या खोल्या, वॉशिंग मशीनसाठी वेगळी बाल्कनी. आईची खोली नव्हती. मुद्दाम नव्हे. प्रत्येकाने ती दुसऱ्यावर सोडली होती. आमच्याकडे आई कुणाच्या तरी महिन्यात असतेच, म्हणून तिला स्वतःची जागा लागते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तीन मुलगे, तीन सुना, इंजिनियर, गवंडी, एवढ्या माणसांनी तो नकाशा बघितला होता. मीही बघितला होता.

बाय भटजींना म्हणाली, "पयल्या माळ्यावर घाला दूध. मुहूर्त टळंल."

दूध उतू गेलं, पंगती उठल्या. संध्याकाळी बाय कोपऱ्यातल्या गाळ्यात पत्रावळींच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "माजी चूल हितं."

पोरांना आधी ती थट्टा वाटली.

"आई, गाळ्यात कोन राहतं? शटरच्या आत?"

"मी."

"लोक काय म्हनतील? तिगं पोरं आनि आई दुकानात?"

"लोकांना म्हनावं, दुकान हाय, या काय तरी इकत घ्यायला."

मधला व्यवहारी. तो म्हणाला, "कोपऱ्याचा गाळा हाय तो. मेडिकलवाला मागतोय. भाडं किती येईल ठाव हाय?"

"मंग त्या मेडिकलवाल्याला तुज्या माळ्यावर ठेव. सुनंला सोबत होईल."

त्यावर सुनाही हसल्या. तिचं असंच आहे. ज्या गोष्टीवर दुसरी बाई रडली असती, त्यावर ती समोरच्याला हसवते, आणि हसून झाल्यावर माणसाला कळतं की आपण तिचं ऐकून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला सामान लावायला मदत करत होते, तेव्हा ती म्हणाली, "सासूबाय मीठ मागायची, आठवतं तुला? जनम मिठागरात गेला आनि सुनंला इचारते मीठ कुठं हाय. मना तवाच कसंतरी व्हायचं. पन मी पन तिला कदी म्हनलं नाय, की डबा तूच ठेव तुला पायजे तिथं." मी हातातली परात पुढे केली आणि विचारलं, "ही कुठं ठेवू?"

गाळ्याला मागे मोरी आणि संडास होताच. मध्ये पडदा लावला. पुढच्या भागात पलंग, मागे ओटा. शटर वर-खाली करायला तिचा हात पोचत नव्हता, तर तिने गवंड्याकडून एका काठीला लोखंडी आकडा बसवून घेतला. सकाळी सहाला ते शटर वर जातं, त्या आवाजावर वरची पोरं शाळेसाठी उठतात. रस्त्याने जाणाऱ्याला ते दुकानच वाटतं. एकदा क्लासची एक मुलगी आत आली आणि म्हणाली, "आजी, झेरॉक्स मिळेल?" बाय म्हणाली, "झेरॉक्स नाय, चाय हाय." ती मुलगी खरंच बसली, चहा प्यायली. नंतर परीक्षेला जाताना पाया पडून गेली.

मुलं खर्चाला देत, पण बायने एकदाही मागितलं नाही. रविवारी ती तिघांना कुटुंबासकट जेवायला बोलवायची. तांदळाच्या भाकऱ्या आणि मासळी तिच्या हातची. जेवून उठताना मुलं आपण होऊन उशीखाली पैसे ठेवून जात. मी तिला म्हटलं, इतकं रांधतेस कशाला या वयात? ती म्हणाली, "मागितलं की भीक. जेवून उठताना दिलं की रीत." माझ्या मनात आलं, हे हिला कुणी शिकवलं? मला शाळेत नाही शिकवलं.

दोन वर्षं अशी गेली. मग थोरल्याला डंपरसाठी कर्ज काढायचं होतं आणि बँकेला त्याचा मजला त्याच्या नावावर हवा होता. बाय लगेच तयार झाली. म्हणाली, एकट्याचं कशाला, तिघांचंही करून टाका. बक्षीसपत्र करायचं ठरलं. तीन मजले तिघांना, दोन गाळे तिघांत मिळून, आणि कोपऱ्यातला गाळा तिच्या नावावर तसाच. पोरं हो म्हणाली. माझ्या समोरच म्हणाली.

वकिलाने कागद तयार केला. एका दुपारी थोरला तो घेऊन गाळ्यात आला, बरोबर मधलाही होता. मी बायकडे जवळा निवडत बसले होते.

थोरला म्हणाला, "आई, उद्या रजिस्टर ऑफिसात जायचं. साडेदहाची वेळ हाय. कागद नुसता बघून ठेव."

"मी काय बघनार? धाकटी, हात धू. तू वाच."

मी हात धुऊन कागद घेतला आणि मनातल्या मनात वाचायला लागले.

"मोठ्यानं," बाय म्हणाली.

मी मोठ्याने वाचायला लागले. कागदाची भाषा फार अवघड. 'कब्जेवहिवाट', 'निर्वेध', 'तबदील'. मी प्रत्येक शब्दाला अडत होते. मधला हसून म्हणाला, "काकी, अशानं दिवाळी येईल." वाटलं, कागद खाली ठेवावा आणि म्हणावं, समदं बरोबर हाय. पण बाय भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. एकेक शब्द तोलून घेतल्यासारखी. म्हणून मी वाचत राहिले.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'तळमजल्यावरील तिन्ही गाळ्यांसह संपूर्ण इमारत'. मी थांबले.

"थांबलीस का?"

मी ती ओळ पुन्हा वाचली, मनात. तिन्हीच होतं. अंगठा दिला की हे घर तिचं राहणार नव्हतं. उद्या पोरं चांगली वागली तरी ती त्यांच्या मर्जीने इथे राहणार, आणि कधीतरी तिचेही महिने सुरू होणार. समोर दोन पुतणे बसलेले. ज्यांना मी कडेवर घेतलं होतं तेच. वर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद होईपर्यंत मी त्या ओळीवर बोट धरून ठेवलं.

मग म्हटलं, "बाय, हितं तिन्ही गाळे लिवलेत. तुजा पन त्यातच गेला."

थोरल्याने कागद माझ्या हातातून घेऊन पाहिला. त्याची मान लाल झाली. "वकिलाकडनं राहिलं असंल. आमच्या मनात तसं काय नाय, आई."

बाय म्हणाली, "तुज्या मनात काय हाय ते मना ठाव हाय. कागदाला ठाव नाय. कागदाला सांग."

"म्हंजे इश्वास नाय आमच्यावर?"

"इश्वास हाय म्हनून तर तीन माळे देते. नसता तर एक पन दिला नसता."

"पन उद्याची वेळ घेतलीय."

"परवाची घे."

आवाज चढला नाही. तोंडावर रागही नाही. ती उठली, शेगडी पेटवली आणि म्हणाली, "बसा दोगं. कोलबी केलीय, भाकऱ्या थापते. जेवल्याशिवाय जायाचं नाय." पोरांना खाली मान घालून निघून जायची वेळ तिने येऊ दिली नाही. दोघं जेवले. थोरल्याने तर दोनदा रस्सा मागून घेतला. ते खरंच वकिलाकडून राहिलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही आणि बायने पुन्हा तो विषय कधी काढला नाही. माझ्यासारखी असती तर मनात वर्षभर घोळवलं असतं. तिने ती गोष्ट जेवणाच्या ताटात संपवली.

नवा कागद आला. तोही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. ऑफिसात मी साक्षीदार म्हणून सही केली. तिथे यंत्रावर सगळ्यांनाच अंगठा ठेवावा लागतो, शिकलेल्यांनाही. आमच्या पुढे सूटबूटवाले एक साहेब होते, त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. बाय माझ्या कानात म्हणाली, "बघ, साहेबाला सवय नाय." तिचा पहिल्याच झटक्यात उमटला.

गेल्या थंडीत तिला ताप आला, चांगले आठ दिवस. धाकट्याच्या बायकोने रजा काढली आणि गाळ्यात खाली गादी टाकून राहिली. थोरली सून पेज आणायची, मधली अंगाला तेल लावायची. वर चला, असं एकीनेही म्हटलं नाही. शटरबाहेर चपला काढून आत यायच्या, जसं दुसऱ्याच्या घरी येतात तसं. बाय पडल्या पडल्या सगळ्यांना कामं सांगत होती आणि मध्येच, "माज्या घरात भांडू नका," असं दटावतही होती.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ती पुन्हा हिंडूफिरू लागली आहे. दोघी लसूण सोलत बसलो होतो. माझ्या मनात कितीतरी दिवस होतं ते मी विचारलं.

"बाय, त्या दिवशी पोरं अडून बसली असती तर? कागद बदलत नाय म्हनाली असती तर?"

"तर आंगठा दिला नसता."

"आनि ती रुसली असती, खर्च बंद केला असता, तर?"

तिने हातातली पाकळी आधी सोलून संपवली. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं सांगेल.

"त्याच्या फुडचा इचारच केला नवता गो," ती म्हणाली. "केला असता तर तोंडातून शब्द निगाला नसता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय इचार केलेलास, ती ओळ सांगताना, की पोरं रुसली तर फुडं काय?"

"काय नाय."

"मंग बघ," ती म्हणाली आणि सोललेला लसूण वाटीत टाकला.