गोटीचा वाटा

आधीच सांगतो, मी भूतबित मानत नाय. देवाला हात जोडायचो ते सुद्धा बायको बघते म्हणून. माझी मुलगी पनवेलला असते. ती आली की ह्या पानावरचे अनुभव मोबाइलवर मला वाचून दाखवते, आणि त्यातले निम्मे मला थापा वाटतात. डोलवीकडे कंपनीत कंत्राटावर होतो तेव्हा सेकंड शिफ्ट करून अंधारात सायकलीने घरी यायचो. इतक्या वर्षांत एक सुद्धा बाई रस्त्यात उभी राहिली नाय. पांढऱ्या साडीतली नाय, रंगीत साडीतली पण नाय.

तरी हे लिहून दिलंय, कारण ते डोक्यातून जात नाय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाय. मी सातवी शिकलेला माणूस, चुका असणार. मुलीला सांगितलंय, लिहिलंय तसं टाईप कर, मध्ये शहाणपण करू नको.

आमचं गाव पेण तालुक्यात, पेणहून नागोठण्याकडे जाताना हायवे सोडून आत. नाव देत नाय, उगाच लोक बघायला येतील. गावामागे ओढ्याच्या अंगाला आमचं खाचर हाय. भात कापलं की त्यातच वाल. बांधावर एक शेंदूर लावलेला दगड हाय, त्याला आम्ही राखणदार म्हणतो. तिथून पुढे जरा खोलगटात विहीर. विहिरीवर उभं राहिलं तर बांधाची अलीकडची, दगडाकडची बाजू दिसत नाय. हे ध्यानात ठेवा.

माझी बायको इंदू, माहेर रोह्याकडचं. गोटी तिनेच आणली. गोटी म्हणजे आमची कुत्री... पांढरी, एक कान तांबडा, आणि मोठी झाली तरी मांजराएवढीच राहिली. माहेराहून येताना इंदूने तिला एस.टी.त पिशवीत घालून आणली. कंडक्टरने विचारलं, "मावशी, पिशवीत काय?"

ही म्हणाली, "तांदूळ."

तेवढ्यात पिशवी भुंकली. कंडक्टर म्हणाला, "तांदूळ भुंकतो व्हय मावशी?"

"नवा हाय रे. मुरला की गप होईल."

सगळी गाडी हसली. मी सोडून. मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो, आणि पिशवी बघून माझं डोकं फिरलं. घरात दोन माणसं, मुलगी लग्न करून गेलेली, त्यात हे कशाला? मी तोंडावर बोललो. इंदूने मला उत्तर दिलं नाय. तिने पिशवीत तोंड घालून सांगितलं, "गोटी, हे असेच हायत. मनावर घेऊ नको."

तिथून ती रीतच पडली. आमचं काही बिनसलं की आम्ही गोटीमार्फत बोलायचो. सकाळी ओट्यावर चहा, मध्ये गोटी, तिच्यापुढे बशीत बिस्कीट. "गोटी, सांग त्यांना, भाकरी गार होते." मी म्हणायचो, "गोटी, सांग तिला, गारच खातो मी, रोज करपलेली खाऊन कंटाळा आलाय." गोटी इकडे बघायची, तिकडे बघायची. शेजारचे म्हणायचे, ह्यांच्यात भांडण नाय, तारखा पडतात आन् वकील कुत्री हाय. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे भांडण नसलं तरी आम्ही तसंच बोलायला लागलो. सरळ बोलायचं विसरलोच.

आता शेंगांचं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मीठ, ओवा, वर परत पाला कोंबायचा. मडकं शेतातच उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाणी एक थेंब नाय. मडकं उघडलं की पहिल्या शेंगा इंदू पानावर घालून राखणदारापुढे ठेवायची. हात जोडायची. मग त्याच शेंगा घेऊन तिथेच खाली बसायची आणि एकेक सोलून गोटीला द्यायची. "देवाने वास घेतला, आता तू खा गो." तोवर गोटी पानाला नाक लावायची नाय.

सोलून का, तर पिल्लू असताना शेंगेची शीर तिच्या घशात अडकली होती, मरता मरता वाचली. म्हणून इंदू आधी शीर ओढून काढायची आणि दगडामागे टाकायची, म्हणजे गोटीच्या तोंडात जाणार नाय. आणि रिकामी सालं एकात एक बसवायची. होड्या एकात एक ठेवाव्यात तशी. लांब ओळ व्हायची. तिच्या आईची सवय ती. मी म्हणायचो, "गोटी, विचार तिला, ह्या माळेचं काय करणार?" ती म्हणायची, "गोटी, सांग, त्यांच्या गळ्यात घालणार."

गेल्या थंडीत वाल तिनेच पेरले. फुलावर आले तेव्हा ती आजारी पडली. शेंगा धरल्या तेव्हा ती गेली. पेणच्या दवाखान्यात. दवाखान्यात कुत्रं चालत नाय, त्यामुळे आम्हाला सरळ एकमेकांशी बोलायची पाळी आली... आणि दोघांनाही जमलं नाय. ती छताकडे बघायची, मी खिडकीकडे. शेवटी एवढंच म्हणाली, "गोटी जेवली का?" मी व्हय म्हटलं. त्यापुढे ती बोलली नाय.

घरी आलो तर गोटी उंबऱ्यावर. माझ्या मागे बघत राहिली. मागे कोणी नव्हतं.

तिथून तिने खाणं सोडलं. भाकरी नाय, बिस्कीट नाय, बोंबील नाय. माझ्या बोटाला लावलेलं दूध चाटायची, तेवढ्यावर जगली. दिवसभर घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात. तिच्या नखांचा आवाज ऐकून ऐकून मला वेड लागायची वेळ आली. गुरांच्या डॉक्टरला दाखवली. ते म्हणाले, "काका, रोग काही नाही. पण खाल्लं नाही तर जास्त दिवस काढायची नाही." फासळ्या मोजून घ्याव्या तशी झाली होती. मी तिला घेऊन घरी आलो आणि पहिल्यांदा भ्यालो. बायको गेली तेव्हा लोक होते, रडायला, करायला. ही गेली असती तर मी घरात कोणाशी बोललो असतो?

तेरावं झाल्यावर इंदूचा भाऊ बाळाराम रोह्याहून आला. म्हणाला, "दाजी, शेंगा निबर होतील. ताईच्या हातचे वाल हायत. एक मडकं लावूया."

मी म्हटलं, "मला नको पोपटी-बिपटी."

"तुम्हाला कोण देतंय? तिच्या नावानं लावतो."

चार वाजता शेतात गेलो. गोटीला मी उचलून नेली, चालायची ताकद नव्हती तिला. मडकं लागलं, जाळ झाला. ऊन होतं अजून, लख्ख. बाळारामने मडकं उघडलं, मी पहिल्या शेंगा पानावर घातल्या, राखणदारापुढे ठेवल्या. गोटी बाजूला बसली. मी हात जोडले आणि म्हटलं, "खा गो."

तिने बघितलं सुद्धा नाय.

मी एक शेंग सोलून तिच्या तोंडाशी धरली. मान फिरवली. बाळाराम म्हणाला, "दाजी, ती तुमचं ऐकायची नाय. तुम्ही तिला तांदूळ म्हणून सुद्धा घरात घेतली नव्हती." त्याला हसवायचं होतं मला. मी ती सोललेली शेंग ओढ्याकडे भिरकावून दिली आणि उठलो. निखाऱ्यावर मारायला पाणी हवं होतं, म्हणून दोघेही विहिरीवर गेलो. दोघेही, हे परत सांगतो. पानावरच्या शेंगा सालासकट होत्या.

कळशी ओढली, बाळारामने तोंड धुतलं, मी बिडी काढून परत ठेवली. तेवढाच वेळ. चढून बांधावर आलो.

गोटी पानाशेजारी उभी होती. शेपूट हलत होतं. बायको गेल्यापासून ते हललं नव्हतं. मिशांना ओवा लागलेला. पानावर एक दाणा नव्हता.

आणि पानाच्या कडेला सालं. एकात एक बसवलेली, लांब ओळीत.

मी दगडामागे बघितलं. शिरा तिथे होत्या. सगळ्या.

बाळाराम खालीच बसला. "आयची सवय," म्हणाला. "ताईची."

मी चारी बाजूंना बघितलं. कापलेली खाचरं, बसलेली गाय सुद्धा लांबून दिसते. माणूस नाय. बाळाराम पुटपुटला, "वानर असंल दाजी."

"वानर शीर काढून कुत्रीला भरवतंय व्हय रे?"

 त्याने सालं उचलायला हात पुढे केला. म्हणाला, रोह्याला नेऊन कुंडलिका नदीत सोडतो. मी त्याचा हात धरला.

"माझी बहीण होती, दाजी."

"माझी बायको होती."

जरा वेळ तसेच बसलो, दोन म्हातारे, सालांवरून भांडत. मग तोच म्हणाला, "ठेवा. कुत्रीशिवाय दुसरं काय उरलंय तुमच्यापाशी."

त्या संध्याकाळी गोटीने घरी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बिस्कीट मागितलं. आता माझ्या हातचं सगळं खाते. बरी झाली.

बरा झालो नाय तो मी. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हीच दुःखात सोलल्या असतील, आठवत नसेल. म्हणून मी करून बघितलं. माझी बोटं जाड, सालं फाटतात, एकात एक बसत नायत. शेंगा संपेपर्यंत मी एकटा शेतात जात राहिलो. मडकं लावायचं, पान ठेवायचं, विहिरीवर जायचं, परत यायचं. दर वेळी शेंगा तशाच, मुंग्या लागलेल्या, आणि गोटी माझ्याकडे बघत बसलेली. शेवटी मीच सोलून द्यायचो.

मला राग येतो, खरं सांगतो. आली असेल तर कुत्रीसाठी आली. मी तिथेच होतो, खाली विहिरीवर. हाक मारली असती तर ऐकू आली असती. कळशी भरेपर्यंत सुद्धा थांबली नाय. आणि आली नसेल, तर मग सोललं कोणी? कळलं तर मला सांगा. भगताकडे जा म्हणून सांगू नका, बाळाराम सांगून थकला.

सालं बिस्किटाच्या डब्यात हायत. वाळून काळी पडली, पण एकातून एक सुटली नायत. यंदा वाल मी पेरलेत, तिच्यासारखे सरळ नाय आले.

सकाळी ओट्यावर चहा घेतो. मध्ये गोटी, पलीकडे कोणी नाय. मी म्हणतो, "गोटी, सांग तिला, भाकरी मी पण करपवतो." गोटी माझ्याकडे बघते, मग पलीकडे बघते, पहिल्यासारखीच. उत्तर येत असेल तर ते तिच्याकडेच येणार. आमच्या घरात तशीच रीत हाय.