वीत आणि चार बोटं

शेवंतीवन्सं गेल्याचा फोन पार्श्याहून आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी पाळी गावातल्या आमच्या घरात पोदेराने दिलेले पाव डब्यात भरत होते. त्यांची शेजारीण सांगत होती, सकाळी नेहमीसारख्या उठल्या, चहा करून प्याल्या, कप विसळून पालथा घातला आणि भिंतीला टेकून बसल्या, त्या बसल्याच. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शहात्तर वर्षांची. मला रडू नंतर आलं. आधी आला तो राग, कारण दुपारपर्यंत जो तो येऊन एकच बोलत होता, सुटली बिचारी. बिचारी म्हणे! एका पायाने अधू, बिनलग्नाची, एकटी राहणारी बाई गेली की आमच्याकडे हा शब्द जिभेवर तयारच असतो. दोन महिने होत आले, तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे. लेखिका वगैरे मी नाही, पण गप्प बसणारीही नाही.

गोवा मुक्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती तेव्हा मी डिचोलीहून लग्न होऊन पाळीला आले. आमचे हे मायनिंगच्या ऑफिसात कारकून होते. सासूबाई आधीच गेलेल्या, आणि सगळं घर वन्संच्या ताब्यात. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला होता. काठीला धरून त्या चार पावलं टाकायच्या, पण उभं राहून हातांनी काही करायचं म्हटलं तर ते जमण्यासारखं नव्हतं. हे मला पहिले कितीतरी दिवस नीट कळलंच नाही, कारण मी त्यांना पाहिलं ते स्वयंपाकघरात, जमिनीवर. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला वाटणाचा रगडा, समोर आदोळी, म्हणजे नारळ खोवायची विळी, आणि मधे पाटावर वन्सं. जागच्या जागी वळायच्या आणि सगळं हाताला लागायचं. आदोळीवर एक पाय दुमडून बसल्या की बोलता बोलता दोन नारळ उडायचे. मला मेलीला ते कधीच साधलं नाही. माझ्या खोबऱ्यात करवंटीचा काळा चुरा यायचा आणि त्या ताटलीत बोट फिरवून म्हणायच्या, "मंगल, करवंटी तरी रवांदे गो." घरातली मोठी कोण आणि शिकाऊ कोण, यात कोणाला शंका नव्हती. त्यांच्या पायाचा विषयसुद्धा निघत नसे.

पण मला ते स्वयंपाकघर आवडत नव्हतं, हेही खरं ते सांगते. मी उंच, कंबर दुखायची, धुराने डोळे चुरचुरायचे. डिचोलीला माझ्या मैत्रिणींकडे उभ्याने स्वयंपाक करायचे ओटे झाले होते, वर गॅस, बाजूला मिक्सर. मी ह्यांच्यामागे टुमणं लावलं. दहा-एक वर्षं लागली, पण शेवटी घर दुरुस्तीला काढलं आणि माझं स्वयंपाकघर झालं. काळ्या कडाप्प्याचा ओटा, त्यावर शेगडी, नळ, खिडकीपाशी पाण्याचा माठ. चूल काढली. रगडा उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला. मी इतकी खूश होते की विचारू नका. शेजारच्या बायका बघायला येत होत्या आणि मी मिरवत होते. वन्सं दारात काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बरं झालंय म्हणाल्या. मी ते खरं मानलं. मानायला सोयीचं होतं.

त्यांच्यासाठी एक उंच स्टूल आणलं होतं. त्यावर चढायला दोन माणसं लागत आणि वर बसलं की धड पुढे वाकता येत नसे. दोन दिवसांत ते स्टूल कुंड्यांखाली गेलं. मग माझ्या तोंडात एक वाक्य बसलं, "राहू द्या वन्सं, तुम्ही बसा, मी देते." मी ते प्रेमानेच म्हणायची, देवाशपथ. चहा देते, ताट वाढून देते, तुम्ही कशाला उठता. आल्यागेल्याला वाटायचं, काय भाग्यवान नणंद, आयतं हातात मिळतं. आणि ज्या बाईने आईच्या माघारी भावाला रांधून वाढवलं, ती माझ्या हॉलमध्ये कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून ताटाची वाट बघू लागली. कपडे शिवायचं हातमशीन होतं त्यांच्याकडे, हाताने चाक फिरवायचं. तेवढंच काय ते त्यांच्या हातात उरलं. दोन वर्षं असं चाललं. मला काही दिसलं नाही... की दिसत होतं आणि मी बघत नव्हते, हे आता सांगता येत नाही.

एका दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. आतून हाक आली. रस्त्यावरून मायनिंगचे ट्रक जात होते, लाल धूळ कपड्यांवर बसायच्या आत आवरायची घाई होती. दुसरी हाक आली, तिसरी आली. मी तिथूनच ओरडले, "आले हो, जरा दम धरा!" सगळं आटोपून आत गेले तर वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. ओट्याची कड धरून उठायचा प्रयत्न केलेला दिसत होता, कारण काठी लांब जाऊन पडली होती. माठ वर होता. त्या रडत नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. हिशोब सुटल्यावर माणूस बोलतं तशा बोलल्या.

"पाणी पिवक सुदीक माका तुका हाक मारूची लागता, मंगल. ह्या घरात माझा काय एक हाताक लागणा नाय. मी पार्श्याक जातंय."

पार्श्याला त्यांच्या मामाने काजूच्या बागेकडेला जमिनीचा एक तुकडा त्यांच्या नावावर ठेवला होता. तिथे घर बांधायचं म्हणाल्या. आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत. लोक म्हणतील भावाने अधू बहिणीला घराबाहेर काढलं. मी हातापाया पडले, माठ खाली ठेवते म्हणाले. त्यांनी मान हलवली. माठ खाली येईल, पण बाकीचं सगळं वरच राहील, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. शेवटी ह्यांनीच पेद्रेर शोधून दिला. पेद्रेर म्हणजे आमचा गवंडी. वन्संनी त्याच्यासमोर जमिनीवर पाट मांडला, पाटावर बसल्या आणि खडूने जमिनीवरच घर काढलं. हात जिथपर्यंत पुढे जातो तिथे शेगडी. डावीकडे वळून जिथे पोचतो तिथे पाणी, उजवीकडे रगडा आणि आदोळी. बसल्यावर डोळे येतात तिथे जनेल, म्हणजे खिडकी, रस्ता दिसला पाहिजे. विजेची बटणं जमिनीपासून हातभर. आणि ओटा एक वीत चार बोटं. ते आकडे त्यांनी कागदावर लिहूनही दिले.

महिन्याभराने आम्ही बघायला गेलो. ओटा माझ्या कमरेइतका उंच! पेद्रेर हात पुसत, हसत पुढे आला. भला माणूस, काम चोख. म्हणाला, "बाय, कागदार आकडो चुकीचो पडललो, म्हणान मी सारको केलंय." त्याला वाटलं, बाईमाणूस, शाळा अर्धी सोडलेली, माप लिहिताना चुकलं असेल. आपण होऊन सुधारून दिलं. ह्यांनाही वाटलं, झालं ते बरंच झालं, उद्या घर कोणाला द्यायची वेळ आली तर हाच ओटा कामाला येईल. वन्सं काठीवर वाकून, भार देऊन त्या नव्याकोऱ्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला येत होता.

"आकडो चुकाक नाय," त्या म्हणाल्या. "मोड."

तो ह्यांच्याकडे बघू लागला. हे जमिनीकडे बघू लागले. वन्सं म्हणाल्या, त्याच्याकडे काय बघतोस, रांधायचं मला आहे. आणि पहिला घाव पडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. उभ्या राहून पाय थरथरत होता, मी धरायला गेले तर माझा हात झटकला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, आणि लाज वाटली ती माझी स्वतःची.

त्या घराला गावाने भातुकलीचं घर म्हटलं. म्हणेनात का. वन्संनी त्यात छत्तीस वर्षं राज्य केलं. हातमशिनीवर पार्श्याच्या निम्म्या बायकांची पोलकी शिवली. झंपर शिवायला आलेली बाई असो की पंच, सगळ्यांना जमिनीवर बसावं लागे, कारण घरात कदेल नव्हतीच. पोटं सुटलेले पुरुष बसताना कण्हायचे आणि वन्संना त्याची भारी मजा वाटायची. गॅस त्यांनी घेतला, फ्रीज घेतला, तोही गुडघ्याएवढा. मिक्सरही होता, वीज असली आणि मनात आलं तर फिरवायच्या. एकदा कुठल्याशा पुरवणीसाठी लिहिणारी एक मुलगी आली, आदोळीचे आणि रगड्याचे फोटो काढले आणि छापलं की ह्या आजी आपल्या परंपरा जपून आहेत. मी कौतुकाने कात्रण घेऊन गेले. वन्सं भडकल्या. "परंपरा? ह्या घर माझ्यापरास चाळीस वर्सांनी ल्हान आसा." रगडा जुना म्हणून ठेवला नव्हता, तो त्यांच्या उंचीवर बसत होता म्हणून ठेवला होता. एवढी साधी गोष्ट, पण कोणाच्या ध्यानात येत नसे. पाळीच्या घरात माझा मिक्सर जुना झाला, ओट्याच्या फरश्या दोनदा बदलल्या, हे गेले, सून आली. त्यांच्या घरात काही बदलावं लागलं नाही.

शेवटची भेट गणपतीनंतरची. माझे गुडघे आता कामातून गेले आहेत. जमिनीवर बसले तर उठता येत नाही आणि दहा मिनिटं उभी राहिले तर पाय भरून येतात. माझ्याच स्वयंपाकघरात सून म्हणते, आई, राहू द्या, तुम्ही बसा. गुणी आहे पोर, प्रेमानेच म्हणते. वन्संकडे गेले तर त्यांनी हसत हसत शेजारणीकडून माझ्यासाठी कदेल मागवली. मी वर, त्या खाली. कोणी साहेब तपासणीला आल्यासारखी मी बसले होते. तहान लागली. माठ माझ्या पायापाशी, पण वाकून हात पोचेना. मी दोनदा प्रयत्न केला. वन्सं बघत होत्या. मग पेला भरून त्यांनी वर केला आणि म्हणाल्या, "बस गो तू. मी देतंय." त्यांचे डोळे चमकत होते. चाळीस वर्षं थांबली होती बया! आम्ही दोघी इतक्या हसलो की पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. निघताना मात्र मला बसमध्ये रडू आलं. कारण हसून झाल्यावर कळलं की मी आता त्यांच्याही घरात पाहुणी होते आणि माझ्याही.

तेरावं झाल्यावर माझ्या मुलाने, निलेशने विषय काढला. हरमलला त्याच्या पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. पार्श्याचं घरही तसंच करू म्हणाला. झाडीतलं घर, लोकांना आवडतं, फक्त ओटा आणि खिडकी वर घेतली की झालं. मी म्हटलं, हात लावायचा नाही. नातेवाइकांनी माना डोलावल्या, बरोबर आहे, आत्याची आठवण आहे, तशीच ठेवू या, वर्षातून एकदा दिवा लावू. मी म्हटलं, दिवा कसला लावताय, मी तिथे राहायला जाणार आहे आणि तो ओटा मी मोडणार आहे.

आत्ताच तू नको म्हणालीस ना, निलेश म्हणाला. म्हाताऱ्या आईला एकटं पाठवलं तर लोक मला काय म्हणतील, हेही म्हणाला, अगदी त्याच्या बापासारखं. मी त्याला सांगितलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत, त्यांना एक शब्द येतो, तो मी मेल्यावर म्हणतील. तुझ्या पाहुण्यांच्या मापाने तो ओटा वाढणार नाही. आणि वन्संचं माप वन्संचं होतं, ते माझ्या अंगाला लागत नाही. दुसऱ्या दिवशी सून माझ्याबरोबर पार्श्याला आली.

पेद्रेर नवा आहे, तरुण. मी शेजारणीची कदेल स्वयंपाकघरात मधोमध ठेवायला लावली आणि तिच्यावर बसून हात पुढे केला. एक हात, वर एक वीत, आणि खाली गुडघे जातील एवढी पोकळी. त्याने पट्टी लावून लिहून घेतलं. वन्संच्या ओट्याची एका कोपऱ्यात झीज झाली होती, कोपर टेकून टेकून. तो फुटला तेव्हा मी मोठ्याने रडले, लपवलं नाही. रडतच त्याला सांगितलं, थांबू नकोस.

गेल्या सोमवारी मी इथे राहायला आले. पाणी माझं मी घेते.