तळ्याला सिमेंटचा तळ

मित्रांनो, खुर्सीपारमध्ये आमच्या गल्लीमागे छोटंसं तळं आहे. त्यात पावसाचं पाणी मुरतं, म्हणून उन्हाळ्यातही आमच्या बोअरला पाणी असतं. या वर्षी त्यातला गाळ काढा म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागलो.

आज सकाळी पाहतो तर गाळ काढलेल्या कोरड्या तळ्यात सिमेंट ओतलेलं! स्टील प्लांटमधून रिटायर झालेले शेजारचे वासुदेवकाका खुशीत म्हणाले, "पाय, कसं पक्कं काम केलं! आता एक थेंब जमिनीत जाणार नाही."

"काका, जमिनीतच तं जायले पायजे होतं!"

"कावून? गणपती का चिखलात बुडवाचा?"

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी पलीकडच्या वस्तीतली माणसं काकांना बोलवायला आली. त्यांनाही तळं असंच करून पाहिजे.

तुमच्याकडे तरी एखादं कच्चं तळं उरलंय का?