साठ मिशांची हमी

पिक्चर अजून लागायचाय. पोस्टरसुद्धा आलेलं नाही. पण नारायणगावात कुठं चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, ‘भाऊ, तुमच्या पिक्चरचं काय झालं?’ माझा पिक्चर! अहो, मी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाला. महाराजांच्या शेवटच्या वर्षांवर पिक्चर काढायला मुंबईचं युनिट आलं, मंचरच्या लॉजवर उतरलं आणि लोकल माणूस म्हणून त्यांनी मला धरलं. लग्नघरात भांडी साचतात तसे किस्से साचलेत. घासावीत तेवढी पुढं आहेतच.

काम ऐकायला सोपं होतं. साठ मावळे पुरवायचे. खऱ्या दाढी-मिशांचे, चिकटवलेल्या नकोत, आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच साठ चेहरे. डायरेक्टरसाहेब म्हणाले, ‘एवढं सांभाळलंत तर पिक्चरच्या शेवटी पडद्यावर तुमचं नाव.’ वीस वर्षं मी कॅसेटवर दुसऱ्यांची नावं टाकतोय, चि. आणि चि. सौ. कां. आपलं नाव कधी कुठं आलं नाही. मी हमी देऊन मोकळा झालो. दुर्बुद्धी, दुसरं काय.

*

माणसं गोळा करायला घाटघरला मीटिंग ठेवली. साहेबांनी तासभर स्टोरी सांगितली. राज्याभिषेक झालाय, महाराज थकलेत, घरात वाद आहेत वगैरे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग सखाराम नाना उठले. हे गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. नाना ‘हो’ म्हणाले तर गाव येणार, नाहीतर मी आणि साहेब दोघंच मावळे.

नानांनी विचारलं, ‘पाळणा कुठंय?’

साहेब म्हणाले, पाळणा नाही, हा पिक्चर उत्तरायुष्यावर आहे. नाना म्हणाले, ‘जल्म आमच्या तालुक्यात झाला. त्यो तुमी दावणार न्हाई, आन जातानाचं दावणार. मग जिकडं गेले तिकडंच जावा की.’

चार खेपा घातल्या मी. शेवटी महाराजांना आजारपणात आपला पाळणा आठवतो असं एक वाक्य साहेबांनी घातलं, तेव्हा नाना कबूल झाले.

*

मग नवीनच ताप. दहा-पंधरा जणांना शत्रूचे सैनिक करायचे होते, तर एकही माणूस तयार होईना. साहेबांचं लक्ष आमच्या जुन्नरच्या रशीदभाईंकडं गेलं. रशीदभाई टेलर, युनिटचे अंगरखे शिवायला मीच आणलेले. साहेब हळूच म्हणाले, यांना विचारा की.

रशीदभाईंनी मशीन थांबवलं. म्हणाले, ‘साहेब, गडावरच्या उत्सवाचे भगवे झेंडे माझ्या आज्यापासून आमच्या दुकानात शिवले जातात. मी मावळाच होणार.’ झाले. पहिल्या रांगेत उभे राहिले. शत्रू शेवटी पुण्याहून भाड्यानं आणावा लागला.

*

महाराजांचं काम करणारा नट स्वभावानं चांगला, पण सिगारेटचं व्यसन. पहिल्याच दिवशी ब्रेकमध्ये तो मंदिल, कवड्यांची माळ अशा सगळ्या वेशात बाहेर आला आणि त्यानं सिगारेट पेटवली. बोरी बुद्रुकचा एक पैलवान गडी पुढं झाला, मुजरा केला आणि त्याच्या हातातली सिगारेट काढून घेतली. ‘ही कापडं उतरवा आन मग वढा.’

कापडं उतरवायला अर्धा तास, चढवायला एक तास. साहेब मला ओरडले, मी पैलवानाला ओरडलो, पैलवान जागचा हलला नाही. तिसऱ्या आठवड्यात नटाची सिगारेट सुटली. त्याच्या बायकोनं मुंबईहून पैलवानाला साडी-चोळी पाठवली, त्याच्या घरच्यांसाठी.

*

एकदा साहेबांना सूर्योदयाचा शॉट हवा होता. उसाच्या कडेनं मावळे पहाटे चालत येतायत असा. मावळे आलेच नाहीत. ऊन वर आल्यावर टेम्पोतून उतरले. त्या उसात बिबट्या होता, दोन कुत्री नेलेली. साहेब चिडून म्हणाले, मावळे आणि बिबट्याला घाबरतात?

नाना म्हणाले, ‘त्यांच्याकडं खऱ्या तलवारी व्हत्या सायेब. आमाला तुमी पुठ्ठ्याच्या दिल्यात.’

मी साहेबांची समजूत काढत होतो आणि मनात मिशा मोजत होतो. साठ. अजून साठ होत्या.

*

आता शेवटचा सीन. महाराज जातात तो. त्या दिवशी एक गडी तापानं पडला, म्हणून साठावा अंगरखा मीच चढवला. मिशी माझीही बरी आहे.

साहेबांनी डोळ्यांत घालायला ग्लिसरीन आणलं होतं. बाटली उघडायला लागली नाही. नटानं डोळे मिटले आणि नानांनी जो हंबरडा फोडला, त्यानंतर कोण ॲक्टिंग करतंय नि कोण नाही हे कळेना. साहेब ‘कट, कट’ म्हणत होते. कुणी थांबलं नाही. मीही नाही. युनिटचं जेवण तसंच राहिलं, माणसं अंघोळ करून घरी गेली. साहेब खूश. मला मिठी मारून म्हणाले, ‘तुमचं नाव पक्कं.’

दहाव्या दिवशी सकाळी मुंबईच्या लॅबमधून फोन आला. त्या सीनच्या निगेटिव्हवर ओरखडे पडलेत, रीटेक करावा लागेल. साहेब म्हणाले, उद्या सकाळी तेच साठ जण हवेत, जसेच्या तसे. निरोप द्यायला मी लगेच जीपनं घाटघरला गेलो. एकाही घरात पुरुषमाणूस नव्हतं. बायका म्हणाल्या, सगळी नदीवर गेलीत. मी नदीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि मावळे एकेक करून उतरले. उतरलेल्या एकोणसाठांपैकी एकाच्याही डोक्यावर केस नव्हता. दाढी नाही, मिशी नाही. बोरीचा पैलवान तसाच, रशीदभाईसुद्धा तसेच. साहेब ओरडले.

‘हे काय केलंत?’

नाना म्हणाले, ‘काल दहावा व्हता.’

‘अहो, तो सिनेमा होता!’

‘व्हय. पर जल्माला आमी व्हतो सायेब. शेवटाला तवा आमच्यातलं कुणीच न्हवतं. आत्ता व्हतो.’

साहेब माझ्याकडं वळले. उन्हासाठी म्हणून मी मोठा रुमाल तोंडाला आणि डोक्याला गुंडाळला होता.

‘आणि तुम्ही? तुम्ही काल तिथं होतात ना? तुम्हाला तरी अडवता आलं नाही यांना?’

मी रुमाल सोडला.